गेट नंबर बेचाळीसचा जज्ज

२ जानेवारी, मंगळवार
ठरलं! यंदा मी रेसचा चीफ होणार.

काल नवीन वर्षाचं म्हणून सगळं गाव खानावळीत जमलं होतं. म्हाताऱ्या कासियाननं ग्लासवर चमचा वाजवून जाहीर केलं, की महिनाअखेरची स्लॅलम रेस, ती बर्फात रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेत स्कीवर उतरायची, ही चीफ म्हणून त्याची शेवटची. गुडघे संपले म्हणाला. मार्चमध्ये क्लबची मीटिंग, तिथे तो नवा चीफ नेमणार. हे सांगताना त्यानं रोखून माझ्याकडे बघितलं. बुर्गलचं म्हणणं, माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. बायको आहे, बोलणारच.

उमेदवार दोनच. एक मी. बावीस वर्षं गेट-जज्ज, एकही रेस चुकवली नाही, सासरे गेले त्या दिवशीसुद्धा. (बुर्गल हे अजून काढते.) दुसरा रोमेड, बुर्गलचा भाऊ. त्याच्याकडे स्कीचं दुकान आहे, पिवळं जॅकेट आहे आणि अक्कल नाही.

बुर्गल म्हणाली, बास झालं आता, बावीस वर्षं तुझे पाय शेकतेय मी. यंदा चीफ झालास तर ठीक. नाही झालास तर क्लब सोडायचा, स्की विकायच्या आणि उरलेला हिवाळा, पुढचे सगळे हिवाळे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बुर्गेनलांडला तिच्या बहिणीकडे काढायचे. तिथे डोंगर म्हणून एक नाही. सगळं टेबलासारखं सपाट.

मी हसत हसत वचन देऊन टाकलं. द्यायला काय जातंय?

संकल्प: रोज पाचला उठणे. गारठ्याची सवय. दारू बंद.

३ जानेवारी
आठला उठलो. सवय हळूहळूच लावावी.

५ जानेवारी, शुक्रवार
कासियानला नेमकं काय आवडतं याचा विचार केला. तीन वर्षांपूर्वी तो माझ्या सलूनमध्ये, माझ्याच खुर्चीत, गालाला साबण लावून बसलेला असताना म्हणाला होता, हल्लीच्या जज्जांना आवाजच नाही. हेच ते!

कारण आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आवाजाचं आहे. खेळाडू गेटच्या दोन दांड्यांमधून गेला की नाही हे बघायला डोळे लागतात, ते कुणालाही असतात. पण समजा खेळाडूचा पाय दांड्याच्या भलत्याच बाजूनं गेला, तो थांबला, त्याला कळेना आपण चुकलो की नाही, तर तो जज्जाला विचारू शकतो. मग जज्जानं ठणठणीत आवाजात एकच शब्द सांगायचा. बरोबर असेल तर 'पुढे'. चूक असेल तर 'मागे', म्हणजे वर चढ आणि ते गेट नीट घे. तेवढाच एक शब्द. हूं नाही, चूं नाही.

अख्ख्या रेसमध्ये जज्ज हा जज्ज असतो तो याच एका क्षणी. बाकी वेळ तो थंडीत उभा असलेला न्हावी असतो.

बावीस वर्षांत मला अजून कुणी विचारलेलं नाही. पण यंदा विचारणार. आतून वाटतंय.

संकल्प: रोज अर्धा तास ओरडणे.

७ जानेवारी, रविवार
आज श्रीगणेशा. चर्चच्या मागच्या चढावर उभा राहून ओरडलो. वीसेक वेळा 'मागे', दहाएक वेळा 'पुढे'. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. अंगावर काटा आला.

मग फायर ब्रिगेडची गाडी आली. शेजारच्या म्हातारीला वाटलं, हिमकडा कोसळतोय आणि कुणीतरी लोकांना मागे हटायला सांगतंय. ब्रिगेडचा कॅप्टन रोमेडच. पिवळ्या जॅकेटावर हेल्मेट घालून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, विगिल, मेव्हण्या, घरात ओरडायची सोय नाही का रे तुला?

पोरं खिदळली. खिदळू देत. माझा आवाज फायर स्टेशनपर्यंत पोचतो हे आता सरकारी पातळीवर सिद्ध झालंय.

११ जानेवारी, गुरुवार
जागावाटप लागलं. मला गेट एकेचाळीस ते त्रेचाळीस. चेटकीण-कोपरा.

हा कोपरा म्हणजे उताराच्या शेवटाला, फरच्या दाट झाडांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे सूर्य येत नाही. प्रेक्षक येत नाहीत. वरच्या जज्जाला तिथलं दिसत नाही, खालच्याला दिसत नाही, मध्ये झाडं. गेली बावीस वर्षं मला तिथेच टाकतात. रोमेडला दरवर्षी फिनिशजवळ. बँड तिथे, गरम वाइन तिथे, बायकापोरं तिथे.

रात्रभर वाईट वाटत होतं, सकाळी उलगडा झाला. जिथे दुसरं कुणी बघत नाही, तिथे अत्यंत भरवशाचाच माणूस लागतो. उघड आहे. हे मी बुर्गलला सांगितलं. ती म्हणाली, हो ना, नाहीतर जिथे बडबड कुणाला ऐकू येत नाही तिथे ठेवतात. आणि क्नोडलच्या, त्या उकडलेल्या गोळ्यांच्या, पिठाला लागली.

१६ जानेवारी, मंगळवार
वेळ वाया घालवायचा नाही म्हणून सलूनमध्येच सराव सुरू केला. गिऱ्हाईक बसलेलं असताना मध्येच 'मागे!' काहीजण दचकतात. दचकण्यावरून परिणाम मोजता येतो.

पाद्रीबुवा फारच दचकले. कानाच्या पाळीला जरासं लागलं. जरासंच. पण कानाला रक्त फार, त्यात माझा इलाज नाही. बुवा म्हणाले, विगिल, देवानं तुला क्षमा केली असती, मी विचार करतो.

रविवारच्या प्रवचनात कानाला पट्टी बांधून उभे राहणार म्हणजे सगळं गाव विचारणार. जाहिरातच म्हणायची एका अर्थी.

१९ जानेवारी
घसा खरखरतो. आवाज खोल होत चाललाय. मोठमोठ्या गायकांचा होतो तसा.

२१ जानेवारी, रविवार
बुर्गल म्हणते, हा आवाज खोल होत नाहीये, बसतोय. ओरडणं बंद कर. तिला कलेतलं काय कळतं! सरावाची वेळ अर्ध्या तासावरून एक तासावर नेली.

२४ जानेवारी, बुधवार
लोनी आली होती. कासियानची नात. सतरा वर्षांची, लांब वेणी, मांड्या अशा की दाराची चौकट हलावी. पुढून केस डोळ्यांवर येतात, जरा कमी कर म्हणाली.

पोर यंदा सुसाट आहे. सीझनच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे. रविवारची शेवटची रेस तिनं नुसती पूर्ण केली, कितव्याही नंबरानं, तरी राज्याच्या टीममध्ये तिची जागा पक्की. कासियान दोन आठवडे झोपलेला नाही म्हणे. आई-बाप वेगळे झाले तेव्हापासून त्यानंच वाढवलीय तिला.

मी कात्री चालवता चालवता तिला नियम समजावून सांगितले. खाकरत, कुजबुजत, कारण घसा. दांडा चुकला तर घाबरू नकोस, थांब, जज्जाला विचार, जज्ज सांगेल तसं कर. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, विगिलकाका, खरंच कुणी विचारतं का हो तुम्हाला तिथे खाली?

मी म्हणालो, खूप.

२७ जानेवारी, शनिवार. सकाळ
आवाज नाही.

म्हणजे अजिबात नाही. सकाळी बुर्गलला कॉफी मागायला तोंड उघडलं तर नुसती हवा. तिनं दोनदा विचारलं काय हवंय, मग कळल्यावर खुर्चीत बसून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, म्हणाली, आज पहिल्यांदा शांतता.

अरे देवा, उद्या रेस आहे!

दुपार
सेजचा काढा. गरम दुधात मध. गळ्याला उकडलेल्या कांद्याचं फडकं. मार्मोटच्या चरबीचं मालिश. त्या जनावराची शिट्टी दोन डोंगर ओलांडून जाते, मग त्याच्या चरबीत काहीतरी असणारच. गुळण्यांना जेन्शियनची दारू. (औषध म्हणून. संकल्प मोडलेला नाही.) गुळणी गिळली गेली. दोनतीनदा.

आवाज नाही. अंगाला मात्र असा वास येतोय की मांजर खोलीतून निघून गेलं.

संध्याकाळी पाच
जज्जांची मीटिंग झाली. कासियाननं चुका टिपायची कार्डं वाटली, पेन्सिली वाटल्या. मग विचारलं, कुणाला काही अडचण? तब्येत वगैरे? ज्याला जमणार नसेल त्यानं आत्ताच सांगा, राग नाही, बदली माणूस आहे.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण सांगायला आवाज हवा ना!

हात वर करता आला असता. पण रोमेड माझ्या शेजारी बसला होता, नाक मुरडत. मी हात वर केला असता तर मार्चमध्ये चीफ तोच. आणि बावीस वर्षांत कुणी काही विचारलेलं नाही, मग उद्याच विचारणार आहे का कुणी? आवाज असला काय, नसला काय. शिवाय रात्रभर विश्रांती मिळाली की येईलच.

२८ जानेवारी, रविवार. सकाळ
आला नाही.

सकाळी अकरा, चेटकीण-कोपरा
पेन्सिलीनं लिहितोय, शाई गोठली. पहिली फेरी झाली. लोनी पहिली. माझ्या तिन्ही गेटांतून अशी गेली की बर्फाचा फवारा माझ्या मिश्यांवर. कुणी थांबलं नाही, कुणी विचारलं नाही. देव आहे.

दोन फेऱ्यांच्या मध्ये जज्जानं जागा सोडायची नाही. नियम. सकाळपासून दोन थर्मास काढा प्यालोय. हा नियम करणाऱ्यानं काढा कधी प्यालेला नसणार.

साडेबारा
जागा सोडली नाही. झाडामागे उभा राहिलो, पण एक पाय गेटच्या बाजूला ठेवून.

पाय आता जाणवत नाहीत. म्हणजे आहेत, दिसतायत. खालून बँड ऐकू येतोय. रोमेड गरम वाइन पीत असेल.

संध्याकाळ
लिहू की नको. लिहितो. ही वही मी कुणाला दाखवत नाही, मग घाबरायचं कुणाला?

दुसरी फेरी. पहिल्या फेरीत पुढे असतो तो दुसरीत शेवटाकडे येतो, म्हणून लोनी अगदी उशिरा. छातीवर नंबर पंधरा. एव्हाना उताराची चाळण झालेली, घासून सारखा करणारी पोरंही दमलेली. मी कपात काढा ओतून उभा.

ती आली. एकेचाळीस घेतलं. बेचाळीसला उजवी स्की खड्ड्यात अडकली, दांडा दोन पायांच्या मधून गेला, म्हणजे एक स्की गेटच्या बाहेरून, चूक. माझ्या नाकासमोर. शंकाच नाही. तिनं झटक्यात ब्रेक मारला, चारपाच पावलं खाली जाऊन थांबली. तिला कळलं होतं काहीतरी झालंय, पण काय ते कळलं नव्हतं. तिनं मान वळवली, गॉगल वर केला आणि ओरडली, काका, पुढे की मागे?

बावीस वर्षं.

मी तोंड उघडलं. वाफ आली.

पुन्हा उघडलं. पुन्हा वाफ. 'मागे' म्हणायचं होतं. महिनाभर फायर ब्रिगेड येईपर्यंत म्हटलेला शब्द. वेळ भरपूर होता तिच्याकडे. चारपाच पावलं वर चढायचं, दांड्याला वळसा घालायचा आणि आरामात खाली जायचं. शेवटची आली असती तरी चाललं असतं. नुसतं पोचायचं होतं पोरीला!

मग मी हात केला. वर चढ म्हणून. कप फेकून दिला आणि दोन्ही हात खालून वर, खालून वर, जीव तोडून. वर, अगं वर!

आता आमच्या गावात उताराच्या कडेला उभे असलेले लोक खेळाडूला हुरूप द्यायला हात नेमके असेच हलवतात. खालून वर. हो-हो-हो, पळ-पळ-पळ. ती जन्मापासून हेच बघत आलीय. तिनं मान हलवली, गॉगल खाली ओढला, आणि गेली.

मी तिच्यामागे चार पावलं धावलो आणि पडलो.

खालून आरडाओरडा ऐकू आला. ती पोचली होती. बँड सुरू झाला. माझ्या हातात कार्ड आणि पेन्सिल.

वरच्या जज्जाला दिसत नाही. खालच्याला दिसत नाही. माझ्या आणि झाडांच्या शिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कार्ड कोरं ठेवलं असतं तर लोनी टीममध्ये, कासियाननं आनंदानं माझे मुके घेतले असते, आणि मार्चमध्ये मी चीफ. लिहिलं तर पोर बाद, आणि मला बुर्गेनलांड. हे सगळं मला तिथे लख्ख दिसत होतं, मी काही मूर्ख नाही. मी रडकुंडीला आलो होतो.

मी लिहिलं. नंबर पंधरा, गेट बेचाळीस. आणि खाली चित्र काढलं, दांडा कुठे, स्की कुठे, बाणानं दिशा. का लिहिलं ते मला सांगता येत नाही. चूक इतकी स्वच्छ होती, चित्र फार छान येणार होतं. आलंही. बावीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं चित्र आहे ते.

कार्डं गोळा करणारा पोरगा ते घेऊन खाली गेला. थोड्या वेळानं बँड थांबला, मधेच, सूर अर्धा टाकून. मी झाडाला टेकून उभा होतो तिथे ऐकू आलं ते.

लोनीच्या कोचनं तक्रार केली. जज्जानं हात करून पुढे जायला सांगितलं म्हणाला. मला फिनिशजवळच्या लाकडी खोलीत बोलावलं. ज्यूरीत तिघे, मधोमध कासियान. त्यानं विचारलं, विगिल, तिनं तुला विचारलं का? मी मान हलवली. तू उत्तर दिलंस का? मी उभा. कासियान म्हणाला, अरे बोल ना, एरवी तुझं तोंड बंद होत नाही! दाढी करताना जीव खातोस माणसाचा, आता काय झालं?

मी हात करून दाखवला. खालून वर. दुसऱ्या खोऱ्यातून आलेला पंच बाजूच्याला म्हणाला, हा तर पळ-पळ म्हणतोय.

शेवटी मी कासियानच्या हातातली पेन्सिल घेऊन कागदावर लिहिलं, मागे. आणि त्याखाली, आवाज नाही. कालपासून.

कासियान बराच वेळ ते वाचत बसला, दोन ओळी वाचायला लागतो त्याहून बराच वेळ. मग म्हणाला, काल मी विचारलं होतं सगळ्यांना. एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

नियमात असं आहे, की जज्जानं काहीही सांगितलं तरी शेवटी जबाबदारी खेळाडूची. तक्रार फेटाळली. तिघांचे हात वर. कासियानचा सगळ्यात आधी.

बाहेर लोनी स्की आडव्या टाकून त्यावर बसली होती. रडत नव्हती. मला बघून वेणी पुढे घेऊन तिचं टोक कुरतडत बसली. मी लांबच्या वाटेनं घरी आलो.

नियम माझ्या बाजूनं आहे. नियम शंभर टक्के माझ्या बाजूनं आहे.

३० जानेवारी, मंगळवार
बेकरीत गेलो. बेकरणीनं ब्रेड दिला आणि दोन्ही हात खालून वर हलवून दाखवले. दुकानातले सगळे हसले. पोस्टमननं रस्त्यावरून तेच केलं. शाळेतल्या पोरांचा खेळच झालाय तो.

लोनीच्या जागी कुण्या भलत्याच खोऱ्यातल्या पोरीला टीममध्ये घेतलं. आजच्या पेपरात आहे.

आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरावीस दिवस एक शब्दही काढू नका. लोकांना वाटतं मी लाजेनं गप्प आहे.

बुर्गलनं जेवताना माझ्या ताटात मोठा क्नोडल वाढला आणि म्हणाली, लिहिलंस ते बरं केलंस. मी मान खाली घालून खाल्ला.

८ फेब्रुवारी, गुरुवार
सलूनमध्ये गर्दी. आधी वाटलं, लोक तमाशा बघायला येतायत. तसं नाहीये. पाद्रीबुवा खुर्चीतच घोरले. उठल्यावर म्हणाले, वा! काय शांतता! असे केस आयुष्यात कापून घेतले नव्हते. दोघं तर शेजारच्या गावातून आले, इथला न्हावी बोलत नाही असं ऐकून.

इतकी वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्या गप्पांसाठी येतात.

२० फेब्रुवारी
आवाज आला! मांजराला म्हणालो, हो बाजूला. मांजर दचकलं, मीही दचकलो.

आता मीटिंगला दहा दिवस उरलेत. अजून सगळं हातातून गेलेलं नाही. शांतपणे विचार केला तर मी काय केलं? स्वतःच्या नुकसानीचा विचार न करता कार्ड भरलं, ते सुद्धा चीफच्या नातीविरुद्ध. असा माणूस चीफ नाही तर कोण? आणि कासियान न्यायी आहे. भाषण लिहायला घेतलं.

संकल्प: भाषण पाठ करणे, पण मनातल्या मनात.

२२ फेब्रुवारी
दुकानातली गर्दी ओसरली. आवाज आल्याची बातमी पसरली वाटतं.

२ मार्च, शुक्रवार
मीटिंग झाली. जसंच्या तसं लिहितो.

कासियान उभा राहिला. म्हणाला, गावात सगळे मला विचारतात, विगिलवर रागावलास का? तर हो. फार रागावलोय. अजूनही. आवाज नव्हता तर गाढवानं शनिवारी हात वर करायला काय धाड भरली होती? माझ्या पोरीचं वर्ष गेलं.

भाषणाचा कागद माझ्या खिशात ओला झाला.

मग म्हणाला, पण खाली त्या कोपऱ्यात तो एकटाच होता. कार्ड कोरं ठेवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं, आणि आज मी त्याला चीफ केलं असतं. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं. मी चाळीस वर्षं हे काम करतोय, इथल्या किती जणांनी लिहिलं असतं ते मला विचारू नका, मी तुमची नावं घेईन.

माझी छाती अशी फुगली की वरचं बटण तुटलं. मी कागद काढला. उठायच्या बेतात होतो.

कासियान म्हणाला, म्हणून चीफ रोमेड. चीफला हॉटेलवाल्यांशी गोड बोलावं लागतं, इकडेतिकडे जरा डोळेझाक करावी लागते, रोमेडला ते जमतं. पण चेटकीण-कोपऱ्यात असा दुसरा माणूस मला मिळणार नाही. तो तिथून हलायचा नाही. हयात असेपर्यंत नाही.

आणि त्यांनी मला एक फळी दिली. फरची, घासूनपुसून, वर कोरलेलं: विगिलची जागा. गेट बेचाळीसजवळच्या झाडाला ठोकणार आहेत, खाली बसायला बाक. टाळ्या. लोक उभे राहिले. बुर्गलनं सगळ्यात जोरात वाजवल्या. रोमेडनं येऊन मिठी मारली, त्याचं पिवळं जॅकेट माझ्या डोळ्यांना लागलं आणि पाणी आलं.

मी भाषण केलं नाही. थँक यू म्हणालो. स्पष्ट ऐकू आलं म्हणे सगळ्यांना.

घरी येताना बुर्गलनं माझ्या हातात हात घातला. म्हणाली, मला अभिमान वाटला हं तुझा. मग थोडं चालल्यावर म्हणाली, रविवारची तिकिटं काढलीत. फळी काही कुठे पळून जात नाही.

वचन ते वचन. देताना मीच हसलो होतो.

३ मार्च, शनिवार
दुकान आवरत होतो. बॅग दाराशी भरून ठेवलेली. स्की अजून विकलेल्या नाहीत, बुर्गलला सांगितलं गिऱ्हाईक मिळत नाही. शोधलेलं नाही.

दार वाजलं. लोनी.

त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा आली. येऊन खुर्चीत बसली, वेणी सोडली. मी कापड गळ्याला बांधलं. कंगवा उगाच दोनदा धुतला.

आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, आवाज आला म्हणे तुमचा.

मी म्हणालो, आला.

मग ती बोलायला लागली. कोच म्हणतोय पुन्हा एक वर्ष तयारी कर, पण पुढच्या हिवाळ्यात ती अठराची होईल, आणि दरवर्षी खालून बारक्या बारक्या पोरी येतायत, वाऱ्यासारख्या. गावातल्या बँकेत जागा निघालीय, सोमवारी कळवायचंय. आजोबांना विचारलं तर ते नुसते खिडकीबाहेर बघतात. आई फोनवर रडते. कुणी सरळ सांगतच नाही.

मग थांबली. खुर्चीतल्या खुर्चीत वळली, आरशातून नाही, थेट माझ्याकडे बघत म्हणाली, काका, तुम्हीच सांगा. पुढे की मागे?

आवाज होता. घसा साफ होता, सकाळीच मध घेतला होता. इथून फायर स्टेशनपर्यंत गेला असता. नुसता एक शब्द सांगायचा होता.

दारातल्या बॅगेकडे बघितलं. मग तिच्या केसांकडे. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी कात्री उचलली, पुन्हा ठेवली. ती हळूच तोंड फिरवून पुन्हा आरशाकडे बसली.

शेवटी मी विचारलं, पुढून जरा कमी करू का, डोळ्यांवर येतायत.

ती म्हणाली, करा. पण कान सांभाळून.